जुनं २४-बिट असेंबलर, नवं ३१-बिट कोबॉल: नुसतं रीलिंक करून भागेल का?

हिंजवडी_बॅच

नमस्कार मंडळी. आयबीएम मेनफ्रेमवरच्या एका बॅच ॲप्लिकेशनचं कोबॉल ४.२ वरून ६ वर स्थलांतर चालू आहे. मुख्य कोबॉल प्रोग्राम एका असेंबलर सबरूटीनला डायनॅमिक कॉल करतो, म्हणजे कॉलमध्ये नाव व्हेरिएबलमधून येतं. सबरूटीन साधारण अकराशे ओळींचं आहे. सोर्समध्ये एमोड (पत्ते किती बिटांचे धरायचे) किंवा आरमोड (मॉड्यूल मेमरीत १६ एमबीच्या खाली बसवायचं की कुठेही) यांचं एकही स्टेटमेंट नाही, त्यामुळे लोड मॉड्यूल एमोड २४, आरमोड २४ असं दिसतं. सबरूटीन एक क्यूसॅम (क्रमाने वाचायची) फाइल वाचतं, तिचं टेबल बांधतं आणि कोबॉलने दिलेल्या खाते क्रमांकाचा कोड शोधून परत देतं.

जुन्या कंपाइलला नोरेंट (डेटा मॉड्यूलच्या आतच) होतं. नव्याला रेंट (डेटा मॉड्यूलबाहेर) आणि डेटा ३१ (तो १६ एमबीच्या वरही चालेल) आहे. रनटाइमला ऑल३१ ऑफ (२४-बिट प्रोग्रामही चालतील) आणि स्टॅक बिलो (स्टॅक १६ एमबीच्या खाली) आधीपासूनच आहेत, त्यांना आम्ही हात लावलेला नाही.

नवा प्रोग्राम चालवला की पहिल्याच कॉलला आयजीझेड००३३एस येतो: १६ एमबीच्या वरचा पॅरामीटर पत्ता एमोड २४ प्रोग्रामला देण्याचा प्रयत्न झाला. टीममध्ये सुचवलं गेलं की सबरूटीन एमोड ३१, आरमोड एनी देऊन रीलिंक करा. केलं. मेसेज गेला, पण फाइलचं ओपन धड होईना. मग आरमोड परत २४ केला, एमोड ३१ ठेवला. आता फाइल उघडते आणि टेस्टचा डेटा व्यवस्थित चालतो, पण प्रॉडक्शनच्या फाइलची प्रत लावली की मध्येच सॉक फोर (भलत्या पत्त्यावर गेल्याचा ॲबेंड, म्हणजे जॉब मधेच बंद पडणं), रीझन १०.

विचारायचं ते असं. रीलिंकने एवढं झालं तर उरलेलं का होत नाही? सगळं ॲप्लिकेशन डेटा २४ ने कंपाइल केलं तर काय तोटा? आणि सोर्स दुरुस्त करायचाच झाला तर त्यात नेमकं काय शोधायचं?

---

पेठेतला_असेंबलर

रीलिंकने फक्त पाटी बदलते, आतलं सामान तेच राहतं. एमोड ३१ लिहिलं की यंत्र त्यावर विश्वास ठेवतं आणि पत्त्याचे ३१ बिट वाचायला लागतं. तुमचा सोर्स मात्र पत्ता २४ बिटांचाच आहे असं गृहीत धरून लिहिलाय. वरचा बाइट त्याच्या दृष्टीने मोकळी जागा, आणि १९६४ च्या सिस्टम/३६० पासून लोकांनी त्या मोकळ्या जागेत काय काय भरून ठेवलंय.

आधी हे इतकी वर्षं चाललं कसं ते बघा, कारण उत्तर त्यातच आहे. नोरेंटमध्ये वर्किंग-स्टोरेज (कोबॉल प्रोग्रामचे व्हेरिएबल) लोड मॉड्यूलच्या आतच असतं आणि ते मॉड्यूल आरमोड २४ म्हणून १६ एमबी रेषेच्या खाली बसायचं. म्हणजे पॅरामीटर आपोआप खाली. कोणी मुद्दाम काळजी घेतलेली नव्हती. रेंट आणि डेटा ३१ आल्यावर वर्किंग-स्टोरेज आणि एफडीचे (फाइलचे) रेकॉर्ड एरिया रेषेच्या वर गेले. रनटाइमने कॉलच्या वेळी ते पाहिलं आणि तुम्हाला अडवलं. तो मेसेज म्हणजे उपकारच समजा. असेंबलरमधून असेंबलरला कॉल असता तर अडवायला कोणीच नसतं.

न अडवता काय होतं? समजा पॅरामीटरचा पत्ता हेक्समध्ये २१३४५६७८ आहे. २४-बिट मोडमध्ये यंत्र वरचा बाइट सोडून देतं आणि ००३४५६७८ वर जातं. सदाशिव पेठेचा पिन ४११०३०. त्यातले पहिले तीन आकडे कापले तर ०३० उरतं, आणि मुंबईत वरळीचा पिन ४०००३० आहे. कापलेला पत्ता ‘चुकलाय’ असं सांगत नाही, तो दुसऱ्या कुठल्यातरी खऱ्या घराचा होतो. ००३४५६७८ ला तुमच्याच जॉबची मेमरी असेल तर ॲबेंडही येत नाही. भलतंच वाचलं जातं, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीकडे लिहिलं जातं.

आता तुमचा सॉक फोर. रीझन १० म्हणजे सेगमेंट ट्रान्सलेशन: त्या पत्त्याच्या आसपास तुमच्या ॲड्रेस स्पेसमध्ये काहीच वाटप झालेलं नाही. टेस्टला चालतं आणि खऱ्या डेटाला मध्येच पडतं, यावरून माझा संशय टेबलावर आहे. प्रत्येक एंट्रीत चार बाइटचा शब्द आहे का बघा, ज्याचा पहिला बाइट फ्लॅग आणि पुढचे तीन पत्ता. ‘एल ५,०(,४)’ करून लगेच ५ ला बेस म्हणून वापरणारा कोड २४-बिटमध्ये निर्धोक होता. ३१-बिटमध्ये फक्त सगळ्यात वरचा एक बिट सोडला जातो, बाकी सात पत्त्यात शिरतात. फ्लॅग हेक्स ८० असेल तर काम बिनबोभाट चालतं, कारण तो नेमका तोच एक बिट. फ्लॅग ४० असेल तर ००३४५६७८ चं ४०३४५६७८ होतं, आणि तिथे काही नसतं. टेस्ट फाइलमध्ये कुठल्या फ्लॅगच्या नोंदी नाहीत ते पाहा, उलगडा होईल.

डेटा २४ बद्दल: चालेल, पण सगळ्या ॲप्लिकेशनला लावू नका. रेषेखालच्या १६ एमबीतून कॉमन एरिया आणि सिस्टमचा भाग वजा केला की एका जॉबला सहसा आठ-दहा एमबीच उरतात. त्यात डीसीबी (प्रत्येक फाइलचा माहिती-ब्लॉक), बफर, स्टॅक, सगळ्यांची दाटी. मोठी टेबलं असलेले दोन-तीन प्रोग्राम डेटा २४ ने आले की एस८७८ (मेमरी संपल्याचा ॲबेंड) ठरलेला. शिवाय नुसता कॉल करणारा प्रोग्राम डेटा २४ ने कंपाइल करून भागेलच असंही नाही. तो जर स्वतःच्या लिंकेज सेक्शनमधली वस्तू पुढे देत असेल, तर ती वस्तू त्याला कॉल करणाऱ्याच्या मेमरीत आहे, म्हणजे त्यालाही डेटा २४ लावावा लागतो. असं वर वर चढत जावं लागतं.

त्याऐवजी मधे एक छोटा कोबॉल प्रोग्राम घाला. साठ-सत्तर ओळी पुरतात. फक्त तोच डेटा २४, रेंट. मुख्य प्रोग्राम त्याला डायनॅमिक कॉल करतो, तो आलेले पॅरामीटर स्वतःच्या वर्किंग-स्टोरेजमध्ये मूव्ह करतो, मूळ एमोड २४ सबरूटीनला डायनॅमिक कॉल करतो आणि निकाल परत मूव्ह करतो. वर्किंग-स्टोरेजमध्येच, लोकल-स्टोरेजमध्ये नको: लोकल-स्टोरेज स्टॅकमधून येतं, त्याला डेटा पर्याय लागू नाही. या रचनेत ऑल३१ ऑफ आणि स्टॅक बिलो दोन्ही राहूच द्या. रजिस्टर १३ ज्या सेव्ह एरियाकडे बोट दाखवतं ती स्टॅकमध्ये असते, आणि सबरूटीनची पहिलीच सूचना ‘एसटीएम १४,१२,१२(१३)’ तिथे लिहिणार आहे.

दोन्ही कॉल डायनॅमिक, हे विसरू नका. कॉलमध्ये नाव लिटरल असेल आणि कंपाइल नोडायनॅम असेल तर कॉल स्टॅटिक होतो. स्टॅटिक कॉलमध्ये मोड कोणीही बदलत नाही, ना कोबॉल ना सिस्टम. डायनॅमिक कॉलमध्ये रनटाइम बदलतं, असेंबलरच्या लिंक आणि ॲटॅच मॅक्रोत सिस्टम बदलते, आणि साध्या बीएएलआरमध्ये (परतीचा पत्ता ठेवून उडी मारणारी सूचना) तुमचं तुम्ही बघायचं. असला कोड वाचताना प्रत्येक कॉलपाशी थांबून ‘इथे मोड कोण बदलतंय’ हे सोर्सच्या समासात लिहून ठेवा.

---

हिंजवडी_बॅच

टेबलाचं तंतोतंत तसंच निघालं. ८० म्हणजे शेवटची एंट्री, ४० म्हणजे बंद खातं. टेस्ट फाइलमध्ये बंद खातं एकही नव्हतं. मनापासून आभार.

मधला प्रोग्राम या रिलीजला घालतो. पण क्लायंटला पुढे ऑल३१ ऑन करायचं आहे, म्हणजे सबरूटीन खरोखर ३१-बिट करावंच लागणार. एक अडचण आहे: हे सबरूटीन आतून आणखी एका चेक-डिजिट मॉड्यूलला व्ही-कॉन (बाहेरच्या मॉड्यूलचा पत्ता धरणारा कॉन्स्टंट) आणि बीएएलआर वापरून कॉल करतं, आणि त्याचा सोर्स कुठेच सापडत नाही. फक्त ऑब्जेक्ट आहे.

---

रेषेखाली

मग एमोड ३१, आरमोड २४ हेच मुक्कामाचं ठिकाण धरा. आरमोड एनीच्या मागे लागू नका. अकराशे ओळींचा कोड रेषेखाली राहिला तर काही किलोबाइट गेले. डेटा वर जाणं महत्त्वाचं, आणि त्याला एमोड ३१ पुरतं. आरमोड २४ ठेवल्याने डीसीबीचा प्रश्नही उद्भवत नाही, कारण डीसीबी रेषेखालीच असावा लागतो आणि तुमचा तो सीसेक्टच्या (असेंबलर कोडच्या विभागाच्या) आत आहे. आरमोड एनी केल्यावर ओपन बिघडलं ते याचमुळे. ओपनच्या नेहमीच्या यादीत चार बाइटच्या नोंदी असतात: पहिला बाइट पर्यायांचा, उरलेले तीन डीसीबीच्या पत्त्याचे. रेषेवरचा पत्ता तीन बाइटमध्ये मावतच नाही.

मोड लिंकला पार्ममधून (जेसीएल म्हणजे जॉबच्या सूचनांतल्या पर्यायांतून) देऊ नका, सोर्समध्येच सीसेक्टच्या नावासमोर एमोड ३१ आणि आरमोड २४ लिहा. पार्म पुढच्या माणसाच्या जेसीएलमधून गळून पडतो.

आता सोर्समध्ये काय शोधायचं ते.

बीएएल आणि बीएएलआर सगळे शोधा आणि बीएएस, बीएएसआर करा. २४-बिट मोडमध्ये बीएएलआर परतीच्या पत्त्याच्या वरच्या बाइटमध्ये सूचनेची लांबी, कंडिशन कोड आणि प्रोग्राम मास्क भरतो. बीएएसआर तिथे शून्य ठेवतो. बदल करण्याआधी मात्र एक पाहा: कोणी ‘बीएएलआर ९,०’ करून कंडिशन कोड जपून पुढे ‘एसपीएम ९’ ने परत आणलाय का? ३१-बिटमध्ये बीएएलआर कंडिशन कोड देतच नाही, आणि एसपीएम पत्त्याचेच बिट उचलून मास्क म्हणून बसवतो. मग नंतर कधीतरी अवचित ओव्हरफ्लोचा ॲबेंड येतो आणि कारण सापडत नाही. अशा जागी ‘आयपीएम ९’ (कंडिशन कोड रजिस्टरमध्ये घेणारी सूचना) घाला.

‘एलए ५,०(,५)’ ही वरचा बाइट पुसायची जुनी युक्ती. २४-बिटमध्ये आठही बिट पुसले जायचे, ३१-बिटमध्ये फक्त एक. तुमचं टेबल रेषेखालच्या डेटाकडेच बोट दाखवत असेल तर ‘एसआर ५,५’ आणि मग ‘आयसीएम ५,७,१(४)’ करा, तीन बाइटच उचलले जातील. पत्ते रेषेवर जाण्याची शक्यता असेल तर एंट्री आठ बाइटची करून फ्लॅग वेगळा काढण्यावाचून इलाज नाही. एंट्रीची लांबी बदलली की टेबलात पुढे सरकणाऱ्या सूचनाही बदला: ‘एलए ४,४(,४)’ कुठेतरी राहून जातोच.

एएल३ कॉन्स्टंट, मास्क ७ चे एसटीसीएम, आणि पत्ता हलवणारे तीन बाइटचे एमव्हीसी शोधा. कोबॉलकडून आलेला पॅरामीटरचा पत्ता यातल्या कशात साठवला तर तो तिथेच कापला जातो.

पॅरामीटर यादीतल्या शेवटच्या पत्त्याचा वरचा बिट कोबॉल चालू करून देतं. पत्ता म्हणून वापरताना त्याचा त्रास नाही. पण तो पत्ता सीएलआरने दुसऱ्या पत्त्याशी ताडून पाहत असाल तर तुलना चुकेल. इथे मात्र ‘एलए’ ने पुसलेलं चालतं, कारण पुसायचा बिट एकच आहे.

मेमरी मागणारा गेटमेन आर फॉर्म असेल तर हात लावू नका, तो नेहमी रेषेखालचीच जागा देतो. स्टोरेज ऑब्टेन असेल तर लॉक (लोकेशन, म्हणजे जागा कुठली हवी ते) स्पष्ट लिहा. न लिहिल्यास ते प्रोग्राम कुठे बसलाय त्यावर ठरतं, आणि उद्या कोणी आरमोड बदलला की तुमची जागा गुपचूप वर जाईल.

आता सोर्स नसलेलं मॉड्यूल. तुमचं सबरूटीन स्वतः रेषेखाली असल्यामुळे हे सोपं आहे (एसएएम२४ आणि एसएएम३१ मोड बदलतात):

एल १५,=व्ही(चेकडिजिट)
एसएएम२४
बीएएसआर १४,१५
एसएएम३१

बेस रजिस्टरमध्ये वरचे बिट असले तरी २४-बिट मोडमध्ये ते दुर्लक्षित होतात, आणि आतलं मॉड्यूल रजिस्टरं पूर्ण ३२ बिट जपून परत देतं. कॉलआधी तीन गोष्टी रेषेखाली हव्यात: रजिस्टर १३ ची सेव्ह एरिया, रजिस्टर १ ची यादी, आणि यादीतला प्रत्येक पॅरामीटर. सेव्ह एरियाचे ७२ बाइट तुमच्या सीसेक्टमध्येच असतील तर ठीक. खाते क्रमांक मात्र कोबॉलच्या मेमरीतून स्वतःच्या एरियात एमव्हीसी करून मगच द्या. थेट कोबॉलचा पत्ता पुढे दिलात तर सदाशिव पेठेचं पत्र वरळीला.

हाच तुकडा रेषेवरच्या प्रोग्राममध्ये चालणार नाही. १६ एमबीच्या वर बसून एसएएम२४ केलं तर स्पेसिफिकेशन एक्सेप्शन, म्हणजे सॉक सिक्स. तिथे बीएएसएसएमने, म्हणजे मोड बदलत, उडी मारली तरी परत येताना २४-बिट मॉड्यूल ‘बीआर १४’ करतं, परतीचा पत्ता कापला जातो आणि माणूस भलत्याच गल्लीत उतरतो. त्यासाठी रेषेखाली एक छोटा दुवा ठेवावा लागतो. म्हणूनच आरमोड २४ चा एवढा आग्रह.

---

पेठेतला_असेंबलर

वरचं सगळं बरोबर. परतीच्या वाटेबद्दल थोडी भर.

तुमच्या सबरूटीनला फक्त कोबॉलच कॉल करत असेल तर ‘बीआर १४’ पुरेसं आहे. पण त्याच सबरूटीनला एखादा जुना २४-बिट असेंबलर प्रोग्रामही कॉल करत असेल तर शेवटी ‘बीएसएम ०,१४’ लागेल. तो रजिस्टर १४ चा सगळ्यात वरचा बिट पाहून मोड बसवतो: ० असेल तर २४, १ असेल तर ३१.

यात एक खाच आहे. कॉल करणाऱ्याने २४-बिट मोडमध्ये बीएएलआर वापरला असेल तर वरच्या दोन बिटांत लांबीचा कोड ०१ येतो, कारण सूचना दोन बाइटची. पहिला बिट ०, म्हणजे बीएसएम नीट २४ मध्ये परततो. पण बीएएल ही चार बाइटची सूचना, तिचा कोड १०. पहिला बिट १! बीएसएमला वाटतं कॉल करणारा ३१-बिट आहे. तो मोड ३१ करतो आणि कंडिशन कोड मिसळलेल्या पत्त्यावर उडी घेतो. एक्झिक्यूट सूचनेखाली चालवलेल्या बीएएलआरचंही तेच, तिथेही लांबी चार बाइटची धरली जाते. म्हणून बीएसएम घालायच्या आधी प्रत्येक कॉल करणारा तपासा, आणि बीएएल दिसला की बीएएस करा. दोन-तीन जागी बीएएलआर आणि एका जागी बीएएल असेल तर टेस्टमध्ये पहिल्यावरच समाधान मानलं जातं.

प्रवेशही बघा. २४-बिट कॉलर बीएएलआरने आत आला तर तुमचा कोड २४-बिट मोडमध्येच चालू होतो, एमोड ३१ ची पाटी असली तरी. ती पाटी लोडर, लिंक मॅक्रो आणि कोबॉलचं रनटाइम वाचतात, बीएएलआर वाचत नाही. तेव्हा मिश्र कॉलर असतील तर सुरुवातीला क्रमाने ‘बीएसएम १४,०’, सेव्ह, मग ‘एसएएम३१’. पहिली सूचना कुठेही उडी न मारता चालू मोड १४ च्या वरच्या बिटात नोंदवते, आणि बीएएलच्या खाचेवरही हाच उतारा आहे. पण १४ च्या वरच्या बाइटमधले बाकीचे सात बिट २४-बिट परतीत दुर्लक्षित होतात म्हणून हे चालतं, हे ध्यानात ठेवा.

कॉलर बीएएसएसएम वापरणार असतील तर व्ही-कॉनवर नजर ठेवा. बाइंडर (लिंक करणारा प्रोग्राम) आपणहून व्ही-कॉनचा वरचा बिट लावत नाही. एकतर हॉबसेट पर्याय येस द्या, म्हणजे ज्या प्रोग्रामकडे जायचंय त्याच्या एमोडनुसार बिट बसतो, किंवा ‘ओ १५,=एक्स'८०००००००'’ स्वतः करा. लोड मॅक्रोने रजिस्टर ० मध्ये आणलेल्या पत्त्यात तो बिट आधीच बसलेला असतो.

---

खराडी_सिस्प्रॉग

तपासणीबद्दल थोडं. लोड लायब्ररीची मेंबर यादी आयएसपीएफमध्ये उघडली की एमोड-आरमोडचे रकाने दिसतात, पण ते फक्त एंट्री पॉइंटचे. आत लिंक झालेल्या प्रत्येक सीसेक्टचा मोड हवा असेल तर एएमबीलिस्ट युटिलिटीचं लिस्टलोड चालवा. तुमच्या चेक-डिजिट मॉड्यूलसाठी ते करावंच लागेल. मॉड्यूलमधला एक जरी सीसेक्ट आरमोड २४ असेल तर साधारणपणे सगळं मॉड्यूल २४ मध्येच बसतं.

डंप आला तर आधी पीएसडब्ल्यूचा (पडतानाची यंत्राची स्थिती) दुसरा शब्द पाहा. पहिला हेक्स अंक ८ किंवा त्याहून मोठा असेल तर पडताना मोड ३१ होता, त्याहून लहान असेल तर २४. आणि पत्ता वाटेत कुठे कापला गेलाय असा संशय असेल तर त्या जागी तात्पुरता ‘टॅम’ (चालू मोड तपासणारी सूचना) घाला. कंडिशन कोड ० म्हणजे २४, १ म्हणजे ३१.

टेस्टमध्ये पॅरामीटर खरोखर वर गेलेत का, हे गृहीत धरू नका. कोबॉलमध्ये एका पॅरामीटरचा ॲड्रेस ऑफ पॉइंटरमध्ये घ्या, रीडिफाइन करून डिस्प्ले करा. हेक्स ०१०००००० पेक्षा लहान आकडा आला तर तुमची टेस्ट अजून रेषेखालीच खेळतेय आणि तिच्या निकालाला अर्थ नाही. कंपाइल लिस्टिंगमध्ये डेटा ३१ आहे की जुन्या प्रोकमधून डेटा २४ शिरलंय, तेही त्याच वेळी पाहून घ्या.

ऑल३१ ऑन सगळ्यांना एकदम लावू नका. आधी त्या एकाच जॉबच्या सीईईऑप्ट्स डीडीमध्ये ऑल३१ ऑन आणि स्टॅक एनीव्हेअर द्या, आणि बंद खाती असलेली फाइल लावून चालवा. त्या रनमध्ये एखादं विसरलेलं एमोड २४ मॉड्यूल असेल तर ते तिथेच सापडेल.

---

हिंजवडी_बॅच

सबरूटीनमध्ये बीएएल सात जागी आहेत, त्यातले सहा आतल्याआत. सातवा रजिस्टर १४ वापरून त्याच चेक-डिजिट मॉड्यूलला जातो, तो पहिल्या शोधात माझ्या नजरेतून सुटला होता, कारण मी फक्त बीएएलआर शोधत होतो. आता दोन्ही जागी एसएएम२४ आणि एसएएम३१ ची जोडी घालतोय आणि खाते क्रमांकासाठी १६ बाइटची जागा सीसेक्टमध्ये ठेवतोय. ‘बीएएलआर ९,०’ आणि एसपीएमची एक जोडीही सापडली, तिथे आयपीएम केलं. पॉइंटरचा डिस्प्ले टेस्ट जॉबमध्ये टाकलाय, पहिलाच पत्ता हेक्स २१ ने सुरू होतोय.